दूरची सेवा आणि घरचं आजारपण

मार्च १८२६. नाशिकमध्ये कॉलऱ्याची साथ पसरली होती. मुंबईहून पुस्तकं वाटत तिथवर गेलेल्या गॉर्डन हॉल या अमेरिकन मिशनऱ्यानं जवळची औषधं आजाऱ्यांना देऊन टाकली आणि तो परतीला लागला. वाटेत त्यालाच साथीनं गाठलं. २० मार्चला एका खेड्यातल्या देवळाच्या ओसरीत त्यानं प्राण सोडला. वय अवघं ४१. सोबत दोन तरुण होते, घरचं कुणीच नव्हतं. मुलांची प्रकृती मुंबईत टिकेना म्हणून त्याची पत्नी मार्गारेट आदल्याच वर्षी दोन्ही मुलांना घेऊन अमेरिकेला निघाली होती. त्यातला थोरला जहाजावरच दगावला. नवरा गेल्याची बातमी तिच्यापर्यंत पोचायला काही महिने लागले, कारण मुंबईचं पत्र केप ऑफ गुड होपला वळसा घालून बोटीनं जात असे.

मिशनचा इतिहास लिहिताना ही गोष्ट बहुधा हॉल यांच्या त्यागाची म्हणून सांगितली जाते. त्याग होताच. पण या गोष्टीत मार्गारेटही आहे. आजारी मुलांना घेऊन अनोळखी देशात जाणारी, वाटेत एकाला गमावणारी आणि तिकडे पोचून विधवा होणारी. धर्मकार्यासाठी घर सोडणाऱ्याचा विचार करताना त्याच्या घराचं काय झालं, हा प्रश्न दोनशे वर्षांपूर्वी होता आणि आजही आहे. फरक इतकाच की आज तो इथल्या घरांत उलट्या दिशेनं विचारला जातो. तेव्हा लोक तिकडून इकडे येत होते. आता ठाणे, कळवा, कल्याण, वसई या पट्ट्यातले फादर, सिस्टर, पाळक आणि सेवाकार्याला वाहून घेतलेली जोडपी परदेशी जातात आणि आजारी आईवडील इथे राहतात.

खाडीपलीकडचं ठाणं

कळव्याहून खाडीचा पूल ओलांडला की लागणारं ठाणं हॉल यांच्याच अमेरिकन मराठी मिशनच्या अगदी सुरुवातीच्या केंद्रांपैकी एक होतं. १८१८ मध्ये आलेल्या जॉन निकल्स यांची नेमणूक तिथे झाली. १८२४ मध्ये तेही गेले. त्याआधी १८२१ मध्ये याच मिशनचे सॅम्युएल न्यूअल मुंबईत कॉलऱ्यानं गेले होते. त्यांची पहिली पत्नी हॅरिएट तर मुंबई पाहूही शकली नाही. ईस्ट इंडिया कंपनीनं कलकत्त्यात राहू दिलं नाही, समुद्रात बाळ जन्मलं आणि गेलं, आणि नोव्हेंबर १८१२ मध्ये मॉरिशसला तिनंही डोळे मिटले. ती १९ वर्षांची होती.

मराठी भाषेच्या अभ्यासकांना विल्यम केरी या इंग्रज मिशनऱ्याचं नाव वेगळ्या कारणानं ठाऊक आहे. सेरामपूरहून १८०५ मध्ये त्यांचं मराठी व्याकरण निघालं, १८१० मध्ये मोडी लिपीतला मराठी-इंग्रजी कोश निघाला. पंडित वैजनाथ यांची त्यात मोठी मदत होती. याच वर्षांत केरींच्या घरात काय चाललं होतं? त्यांची पत्नी डोरोथी इंग्लंड सोडायला मुळात राजी नव्हती. बंगालमध्ये आल्यावर वर्षभरातच पाच वर्षांचा पीटर गेला. त्यानंतर तिचं मानसिक संतुलन ढळलं ते अखेरपर्यंत, म्हणजे १८०७ पर्यंत, सावरलं नाही. आपल्या भाषेच्या पहिल्या छापील व्याकरणांपैकी एक अशा घरात तयार झालं. केरींच्या विद्वत्तेला यानं उणेपणा येत नाही. पण डोरोथीचं आजारपण हा त्यांच्या चरित्राचा परिशिष्टातला भाग नव्हे. ते त्या कामाचंच एक मोल होतं आणि ते तिनं दिलं.

परत जाणं आणि परत येणं

मिशन संस्था हळूहळू शिकत गेल्या. ठरावीक वर्षांनी मायदेशी रजा, उन्हाळ्यात महाबळेश्वरसारखी थंड हवेची ठिकाणं, आजारी माणसाला सक्तीनं परत पाठवणं या गोष्टी रूढ झाल्या. याचा लाभ कसा झाला हे पाहायचं तर सिंथिया फॅरार यांच्याकडे पाहावं. १८२७ मध्ये मुंबईत आलेल्या या अविवाहित शिक्षिकेनं मुलींच्या शाळा चालवल्या. दहा वर्षांनी प्रकृती ढासळली तेव्हा त्या अमेरिकेला गेल्या, बऱ्या झाल्या आणि १८३९ मध्ये परतून अहमदनगरला रुजू झाल्या. पुढे १८६२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या तिथेच होत्या. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचं शिक्षण नगरला याच फॅरारबाईंकडे घेतलं असं सांगितलं जातं. १८३७ मध्ये ‘सेवा अर्धवट सोडली’ असा कुणी त्यांच्यावर ठपका ठेवून त्यांना परत येऊ दिलं नसतं, तर नगरच्या मुलींचं काय झालं असतं?

सगळ्यांच्या वाट्याला असं परतणं येत नसे. मिशनच्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाचं संपादन दहा वर्षं सांभाळणारे रॉबर्ट विल्सन ह्यूम १८५४ मध्ये आजारी अवस्थेत मुंबईहून निघाले. त्याच वर्षी १ मे रोजी ठाण्याहून आमच्या कळव्यावरून कल्याणपर्यंत रेल्वे सुरू झाली होती. जमिनीवरचं अंतर तासांत मोजलं जाऊ लागलं होतं, समुद्रावरचं अजून महिन्यांतच मोजावं लागत होतं. ह्यूम केपच्या आसपास जहाजावरच वारले. पत्नी हॅना लहान मुलांसह पुढे अमेरिकेला पोचली आणि तिनं एकटीनं त्यांना वाढवलं. त्यातला मुंबईत जन्मलेला रॉबर्ट १८७४ मध्ये मिशनरी होऊन नगरला परतला आणि चार वर्षांनी त्यानं तिथे ईश्वरविज्ञानाचं विद्यालय सुरू केलं. धाकटा एडवर्डही मुंबईत कामाला आला. बापाचं काम मुलांनी पुढे नेलं असं आपण म्हणतो. हॅनानं ते पुढे नेलं असं म्हणणं अधिक खरं आहे.

वाइल्डर घराणं आणि कल्याणची मुलगी

या विषयातला सर्वांत अवघड प्रसंग कोल्हापूरच्या वाइल्डर कुटुंबातला आहे. रॉयल वाइल्डर यांनी १८५२ मध्ये कोल्हापुरात काम सुरू केलं आणि १८७५ मध्ये प्रकृतीमुळे ते अमेरिकेला परतले. अंथरूण न धरता त्यांनी प्रिन्स्टनहून ‘मिशनरी रिव्ह्यू’ हे नियतकालिक काढलं. गोपाळराव जोशी यांनी पत्नीला अमेरिकेत शिकवण्यासंबंधी केलेला पत्रव्यवहार त्यातच छापून आला. १८८० मध्ये न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्या तो वाचनात आला आणि गोपाळरावांच्या पत्नीला, कल्याणला जन्मलेल्या आनंदीबाईंना, परदेशात मावशी मिळाली. १८८३ ते १८८६ या काळात आनंदीबाई तिकडे आजारी पडत होत्या आणि माहेर-सासर सातासमुद्रापार होतं. तेव्हा कार्पेंटरबाईंचं घर हेच त्यांचं घर झालं. आनंदीबाईंनी धर्म बदलला नाही आणि कार्पेंटरबाईंचा लोभही त्यामुळे आटला नाही. फेब्रुवारी १८८७ मध्ये आनंदीबाई पुण्यात गेल्या तेव्हा त्यांच्या अस्थी कार्पेंटर कुटुंबानं आपल्या दफनभूमीत ठेवल्या.

त्याच वर्षी वाइल्डर मरणपंथाला लागले होते. कोल्हापुरात जन्मलेला त्यांचा मुलगा रॉबर्ट तेव्हा अमेरिकेतल्या महाविद्यालयांत फिरून परदेशी सेवेसाठी तरुणांना बोलावत होता. त्यातूनच मोठी विद्यार्थी स्वयंसेवक चळवळ उभी राहिली. वडिलांजवळ थांबावं की दौऱ्यावर जावं, हा त्याचा पेच वडिलांनीच सोडवला. मेलेल्यांना आपल्या मेलेल्यांना पुरू द्यावं, या लूकच्या शुभवर्तमानातल्या वचनाचा आधार देऊन त्यांनी मुलाला जायला सांगितलं. ऑक्टोबर १८८७ मध्ये ते वारले. त्यानंतर पत्नी एलायझा आणि मुलगी ग्रेस पुन्हा कोल्हापूर भागात कामाला आल्या.

या प्रसंगाचा दाखला देऊन आजही तरुणांना सांगितलं जातं की घराकडे वळून पाहू नका. मला हा निष्कर्ष पटत नाही. वाइल्डर यांनी स्वतःच्या मरणाबद्दल मुलाला मोकळं केलं, तो त्यांचा अधिकार होता. दुसऱ्याच्या आईच्या आजारपणाबद्दल तसं ठरवण्याचा अधिकार कुणालाही मिळत नाही. शिवाय पवित्र शास्त्रात एकच वचन नाही. मार्कच्या सातव्या अध्यायात येशू अशा माणसांना खडसावतो, जी देवाला अर्पण केल्याचं सांगून आईबापांना हक्काची मदत नाकारतात. योहानाच्या शुभवर्तमानात क्रुसावरून तो आईला एका शिष्याच्या हवाली करतो आणि शिष्य तिला आपल्या घरी नेतो. स्वतः जाता येत नसेल तर कुणाच्या तरी स्वाधीन करून जावं, एवढं तरी यातून स्पष्ट होतं.

घरच्या आजारपणानं काम संपत नाही, कधी कधी त्यातूनच सुरू होतं. अमेरिकेत शिकणारी आयडा स्कडर १८९० मध्ये आईच्या आजारपणामुळे तमिळ मुलखातल्या तिंडीवनमला आली. मिशनरी व्हायचं नाही हे तिनं पक्कं केलं होतं. तिथे एकाच रात्री तीन घरांतून बाळंतिणीसाठी मदत मागायला माणसं आली. पुरुष डॉक्टर चालणार नव्हता आणि बाई डॉक्टर नव्हती. तिन्ही बाया गेल्या. आयडा डॉक्टर होऊन १९०० मध्ये परतली आणि वेल्लोरचं रुग्णालय व वैद्यकीय महाविद्यालय उभं राहिलं.

आज कळव्यात

समुद्रावरचं अंतर पुढे कमी होत गेलं: सुएझ कालवा १८६९ चा आणि मुंबईची समुद्राखालून जाणारी तारेची सोय १८७० ची. आज बातमी क्षणात पोचते. पण बातमी पोचणं आणि माणूस पोचणं यांत अजूनही अंतर आहे. मुलगा परदेशी सेवेला गेलेल्या कळवा-खारेगावच्या एखाद्या घरात संध्याकाळी गेलं की टेबलावर वारांप्रमाणे कप्पे असलेली गोळ्यांची डबी दिसते, शेजारी बीपीचं मशीन. सून ट्यूबलाइटखाली रिपोर्ट धरून फोटो काढते, एकावर सावली पडली म्हणून पुन्हा काढते आणि नैरोबीला पाठवते. तिथे अजून दुपार असते. तिकडून विचारणा होते, डॉक्टर काय म्हणाले? डॉक्टर काय म्हणाले हे तिनंच सांगायचं, आणि ‘ॲडमिट करू का?’ हेही तिनंच ठरवायचं. नातेवाइकांचा राग परदेशी असलेल्या मुलावर निघतो, पण निर्णयाचा भार तिच्या डोक्यावर असतो.

म्हणून काही गोष्टी निघण्याआधीच व्हायला हव्यात.

निर्णय घेणारी व्यक्ती एकच असावी आणि ती कोण हे सर्व भावंडांना माहीत असावं. लकव्याच्या झटक्यात रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला, बोलणं अडखळलं तर परदेशी फोन नंतर, १०८ ला फोन आधी. सीटी स्कॅनची सोय असलेलं जवळचं रुग्णालय कोणतं हे आधीच विचारून ठेवावं. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय जवळ आहे, पण रात्री दोन वाजता कुठे जायचं याचा निर्णय दुपारी शांतपणे झालेला बरा.

पैशांची तजवीज पुढची. सेवाकार्यातल्या मानधनात मोठं बिल बसत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला उत्पन्न न पाहता आयुष्मान भारत योजनेत वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण मिळतं. त्यासाठीचं कार्ड आजारपणाआधी काढावं. मुखत्यारपत्र निघण्यापूर्वीच करावं. परदेशात केलेलं पत्र इथे आल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांकित करावं लागतं आणि आजारपणाच्या धावपळीत तेच राहून जातं. आईवडिलांना शेवटच्या काळात कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, हे त्यांनाच विचारावं. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये अशा पूर्वइच्छापत्राला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत.

पाठवणाऱ्या संस्थेकडून एक गोष्ट लेखी घ्यावी: घरी गंभीर आजारपण आलं तर तिकिटाचा खर्च कुणाचा, रजा किती आणि परत रुजू होता येईल का. कॅथलिक धर्मसंघांचे नियम संघागणिक वेगळे आहेत, प्रॉटेस्टंट संस्थांचे आणखी वेगळे. ‘देव पाहून घेईल’ हे श्रद्धेचं वाक्य आहे. संस्थेनं ते धोरणाच्या जागी वापरू नये.

आणि सर्वांत मोठी जबाबदारी मंडळीची. माणसाला परदेशी सेवेला पाठवताना उपासनेत त्याच्यावर हात ठेवून प्रार्थना होते, हार-शाल होते, फोटो होतात. त्याच उपासनेत घरी राहणाऱ्या बहिणीला, भावाला, सुनेलाही पुढे बोलवावं. दर आठवड्याला त्यांच्याकडे कोण जाईल, दवाखान्यात रात्र कोण काढेल, रक्त लागलं तर कुणाला फोन करायचा, ही नावं तिथेच वाचून दाखवावीत. कार्पेंटरबाईंनी हे एका परक्या, परधर्मी मुलीसाठी केलं. आपल्याच मंडळीतल्या म्हाताऱ्या आईसाठी ते करणं अवघड नाही.

एवढं करूनही कधी परत यावंच लागतं. तेव्हा येणाऱ्याला अपराधी वाटू देऊ नये. फॅरारबाई परत गेल्या आणि पुन्हा आल्या. काही जण परत येऊन इथेच राहतील, आजाऱ्याच्या उशाशी बसतील, आणि ज्या श्रद्धेनं ते दूर गेले होते तिचंच काम तिथे करतील. ज्या मंडळीला हे परतणं मानानं स्वीकारता येतं, तिनंच माणसं दूर पाठवावीत.