सकाळी मूठ मिटते का?

आमच्या लासलगावला बाईच्या हाताला उसंत नसते. पौष-माघाच्या थंडीत ओल्या वाफ्यात बसून कांद्याची रोपं लावायची, चैत्र-वैशाखात विळ्याने पात कापायची, आणि एरवी खळ्यावर बसून कांदा निवडायचा, गोण्या भरायच्या. घरी आलं की भाकरी, भांडी, धुणं आहेच. अशा बाईने ‘हात दुखतात’ म्हटलं तर कोणी मान वर करून बघत नाही. ‘काम केलं की दुखणारच’, ‘चाळिशी आली आता’, ‘बाळंतपणात वारं लागलं असेल’, अशी उत्तरं तयार असतात. पुष्कळदा ती खरीही असतात. पण दर वेळी नाही. ज्या बाईच्या बाबतीत ती खरी नसतात, तिची बोटं वर्ष-दोन वर्षांत वाकडी होऊन बसतात. मग डॉक्टरांच्याही हातात फारसं काही राहत नाही.

मी डॉक्टर नाही. साधी बी.ए. झालेली गृहिणी. पण बचत गटांच्या निमित्ताने निफाड तालुक्यातल्या वाड्या-वस्त्यांवर फिरताना सांधेदुखीच्या बायका सतत भेटतात. काहींना सोबत म्हणून नाशिकला तज्ज्ञांकडे घेऊनही गेले. तिथे बसून, ऐकून, विचारून जे कळलं ते मैत्रिणींना सांगावं म्हणून आजचा हा लेख.

एकच नाव, आजार वेगवेगळे

आपण सगळ्याच सांधेदुखीला ‘संधिवात’ म्हणून मोकळ्या होतो. खरं तर सांधेदुखीचे शंभराहून अधिक प्रकार आहेत. आपल्याला त्यातले दोन नीट ओळखता आले तरी पुष्कळ झालं.

पहिला प्रकार झिजेचा. वय वाढतं, वजन वाढतं, गुडघ्यातली कूर्चा झिजते. जिना चढताना, मांडी घालून उठताना कळ येते. बसलं की बरं वाटतं, कामाने वाढतं. सकाळी सांधे आखडतात, पण पाच-दहा मिनिटांत मोकळे होतात. याला ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात.

दुसरा प्रकार सुजेचा. यात सांधा झिजलेला नसतो. आपल्याच शरीराची रोगप्रतिकारशक्ती सांध्याच्या आतल्या अस्तरावर उलटते. कुंपणानेच शेत खावं तसं. अस्तर सुजतं, आणि ती सूज हळूहळू कूर्चा आणि हाड पोखरते. याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. आपल्याकडचे वैद्य ज्याला आमवात म्हणतात, त्याच्याशी याची लक्षणं बरीच जुळतात. हा म्हातारपणाचा आजार नाही. तिशी-चाळिशीतल्या, अगदी विशीतल्या मुलीलाही होतो. आणि पुरुषांपेक्षा आपल्या बायकांना दोन ते तीन पट जास्त होतो.

ओळखायचा कसा? या खुणा लक्षात ठेवा:

– सकाळी उठल्यावर हात आखडलेले, मूठ मिटत नाही, आणि हे अर्धा-पाऊण तास किंवा त्याहून जास्त चालतं.
– बोटांची मुळं, मधली पेरं, मनगटं, पायाच्या बोटांखालचा भाग सुजतो. हात लावला तर मऊ, गरम लागतो.
– बहुधा दोन्ही हातांना सारखंच होतं.
– विश्रांतीने वाढतं आणि हालचाल केली की थोडं सुटतं.
– सोबत थकवा, बारीक ताप, वजन कमी होणं.
– हे सगळं सहा आठवड्यांहून जास्त चाललेलं असतं.

यातल्या दोन-तीन खुणा जुळल्या तरी थांबू नका. सांधेदुखीबरोबर गालांवर लाल चट्टा, उन्हाने अंगावर येणारी पुरळ, केस फार गळणं, तोंडात वारंवार फोड, किंवा पुन्हापुन्हा गर्भपात असं असेल तर तो ल्युपस नावाचा याच जातीचा आजार असू शकतो. त्यात मूत्रपिंडालाही इजा होते. घरातला विशी-पंचविशीचा मुलगा रोज पहाटे कंबर आखडून जागा होत असेल, तर त्याला आळशी म्हणू नका. तोही मणक्याचा संधिवात असू शकतो.

भिगवणमध्ये काय दिसलं?

भिगवण म्हटलं की आपल्याला उजनीच्या पाण्यावरचे रोहित पक्षी आठवतात. पण संधिवाताच्या डॉक्टरांना पुणे जिल्ह्यातलं हे गाव वेगळ्याच कारणाने माहीत आहे. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांनी 1996 साली तिथे घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने ‘कॉपकॉर्ड’ नावाचा एक कार्यक्रम जगात चालतो, त्यातली ही भारतातली पाहणी. 4,092 मोठ्या माणसांची माहिती घेतली, त्यात 746 जणांना, म्हणजे शंभरातल्या अठरा जणांना, सांधे-स्नायूंचं काही ना काही दुखणं निघालं.

यातली बरीच दुखणी कंबर, गुडघे, स्नायूंची, म्हणजे कष्टाची आणि वयाची होती. पण ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसही निघाला, मोठ्या माणसांत साधारण दोनशे जणांत एकाला. ऐकायला कमी वाटतं. पण दहा हजार मोठी माणसं असलेल्या गावात हे पन्नास जण होतात, आणि त्यात बायका जास्त. ‘हा शहरातल्या लोकांचा आजार’ असं कोणी म्हणालं तर भिगवणचं नाव सांगा. आपल्यासारख्याच शेतात राबणाऱ्यांचं ते गाव आहे. अडचण एवढीच की शंभरातल्या त्या अठरा जणांच्या गर्दीत हे दुखणं वेगळं ओळखू येत नाही.

हे डॉक्टर वेगळं काय करतात?

सांधा दुखला की आपण हाडांच्या डॉक्टरांकडे जातो. हाड मोडलं, गुडघा बदलायचा असला तर तेच योग्य. पण रोगप्रतिकारशक्ती बिघडल्याने होणाऱ्या संधिवाताचे तज्ज्ञ वेगळे. त्यांना ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट म्हणतात. ते शस्त्रक्रिया करत नाहीत, औषधाने आजार आटोक्यात आणतात.

पहिल्या भेटीत ते आधी बोलतं करतात आणि मग हात हातात घेतात. दोन खांदे, दोन कोपरं, दोन मनगटं, दोन गुडघे आणि हातांच्या बोटांचे वीस, असे 28 सांधे एकेक करून दाबून बघतात. किती दुखतात, किती सुजलेत, हे आकड्यात लिहून ठेवतात. पुढच्या भेटीत परत मोजतात. ‘बरं वाटतंय का?’ एवढ्यावर त्यांचं भागत नाही.

मग रक्ताच्या तपासण्या. ईएसआर आणि सीआरपीवरून सूज किती ते कळतं. आर.ए. फॅक्टर आणि अँटी-सीसीपीवरून आजाराची जात कळायला मदत होते. एक लक्षात ठेवा, आर.ए. फॅक्टर काही निरोगी माणसांतही पॉझिटिव्ह येतो आणि आजार असूनही काहींचा निगेटिव्ह येतो. त्यामुळे नुसत्या कागदावरून ‘तुला वात आहे’ किंवा ‘नाही’ असं ठरत नाही. 2006 च्या साथीपासून आपल्याकडे चिकुनगुनियाही ओळखीचा झाला. त्यानंतरही सांधे महिनोन्महिने दुखतात, म्हणून आधी ताप आला होता का, हेही सांगावं.

उपचाराचं गणित असं. वेदनाशामक गोळी दुखणं कमी करते, आजार नाही. स्टिरॉइड झपाट्याने सूज उतरवतं, पण ते थोड्या मात्रेत, थोड्या दिवसांसाठी, तात्पुरता टेकू म्हणून द्यायचं. खरं काम करतात ती आजाराची चाल बदलणारी औषधं: मेथोट्रेक्सेट, सल्फासॅलॅझिन, लेफ्लुनोमाइड, हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन. त्यांचा गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. इथेच आपल्या बायका कंटाळतात. ‘महिना झाला, काही फरक नाही’ म्हणत औषध सोडतात. तज्ज्ञ मात्र तीन महिन्यांनी सुधारणा बघतात आणि सहा महिन्यांत आजार शांत व्हावा असं उद्दिष्ट ठेवतात. नाही झाला तर औषध वाढवतात, जोडतात किंवा बदलतात. त्यानंतर बायोलॉजिक इंजेक्शनं असतात. ती देण्याआधी टीबीची तपासणी करावीच लागते, कारण दबलेला टीबी त्याने उसळू शकतो. भारतीय कंपन्याही आता ती बनवतात, तरी ती महागच. पण बऱ्याच जणींना तिथवर जावंच लागत नाही. वेळेत सुरू केलेल्या साध्या गोळ्यांवर भागतं.

वाराची गोळी

मेथोट्रेक्सेटबद्दल सविस्तर लिहिते, कारण या एका गोळीभोवती सगळ्यात जास्त भीती आणि सगळ्यात जास्त घोटाळे आहेत.

घरातला भाचा मोबाइलवर बघतो आणि सांगतो, ‘मामी, ही तर कॅन्सरची गोळी!’ मामी गोळी बंद करते. गोळी मूळची कॅन्सरचीच आहे. आंध्रात जन्मलेले शास्त्रज्ञ यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत ज्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते, तिथे 1940 च्या दशकात ही तयार झाली. पण संधिवातात तिची मात्रा फार कमी असते, आठवड्याला साधारण साडेसात ते पंचवीस मिलिग्रॅम. एवढ्या मात्रेत ती बिथरलेल्या रोगप्रतिकारशक्तीला आवर घालते. जगभर आज पहिलं औषध म्हणून हीच देतात, आणि ती स्वस्तही आहे.

पण ही गोळी आठवड्यातून एकच दिवस घ्यायची असते. रोज नाही. रोज घेतली तर ती जिवावर बेतते. आमच्या गटातल्या एका काकूंनी लवकर गुण यावा म्हणून रोज घेतली. आठवड्याभरात तोंड सोलवटून निघालं, ताप आला, रक्तातल्या पेशी घसरल्या. नाशिकला दाखल करावं लागलं. वाचल्या, पण थोडक्यात. म्हणून उपवासाचा वार जसा ठरलेला असतो तसा गोळीचा वार ठरवा. कालनिर्णयवर त्या वाराला खूण करा, औषधाच्या पाकिटावर मराठीत वार लिहून घ्या, आणि घरातल्या एकाला तरी सांगून ठेवा. सोबतची फॉलिक अॅसिडची गोळी डॉक्टर सांगतील त्या दिवशी न चुकता घ्या. तिने मळमळ, तोंड येणं कमी होतं. ठरल्या वेळी रक्त तपासा, म्हणजे यकृत आणि पेशींवर नजर राहते. ती तपासणी लासलगावलाही होते, दर वेळी नाशिक गाठायला नको. ताप आला, तोंडात फोड आले, दम लागला तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना विचारा.

हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन सुरू असेल तर डोळे तपासून घ्या: एकदा सुरुवातीला, आणि पाच वर्षांनंतर दर वर्षी.

जादूची पुडी

‘अमक्या गावच्या पुडीने दोन दिवसांत उठून बसली’ हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. दोन दिवसांत गुण आला की मला तरी शंका येते. अशा बिननावाच्या पुड्यांमध्ये स्टिरॉइड मिसळल्याचं अनेकदा आढळलं आहे.

स्टिरॉइड म्हणजे विष नव्हे. 1948 साली अमेरिकेत डॉ. फिलिप हेंच यांनी संधिवाताने अंथरुणाला खिळलेल्या एका तरुण बाईला ते पहिल्यांदा दिलं. काही दिवसांत ती चालू लागली, आणि 1950 मध्ये हेंच यांना नोबेल मिळालं. पण लवकरच कळलं की ते फार काळ दिलं तर चेहरा गोल फुगतो, साखर आणि रक्तदाब वाढतो, हाडं ठिसूळ होतात. पुडीत किती स्टिरॉइड आहे ते देणाऱ्यालाही ठाऊक नसतं. वर ते सूज झाकतं, आणि आतून सांधा पोखरला जातोच. मात्र कोणी वर्षभर अशी पुडी घेत असेल, तर हा लेख वाचून एकदम बंद करू नका. अचानक थांबवणं धोक्याचं असतं. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि खरं सांगा. ते हळूहळू सोडवतील.

बाळंतपण आणि सांधे

‘बाळंतपणात वारं लागलं’ या म्हणण्यात वाऱ्याचा दोष नाही, पण काळ बरोबर हेरलेला आहे. हा आजार बऱ्याचदा गरोदरपणात शांत राहतो आणि बाळंतपणानंतरच्या महिन्यांत उसळतो. काहींना पहिल्यांदा तेव्हाच होतो. म्हणून ओल्या बाळंतिणीची बोटं सुजली तर नुसते कान बांधून शेक देत बसू नका.

आणि हे सुनांना, लेकींना जरूर सांगा: मेथोट्रेक्सेट आणि लेफ्लुनोमाइड सुरू असताना दिवस जाता कामा नयेत. पोटातल्या बाळाला व्यंग येऊ शकतं. मूल हवं असेल तर आधीच डॉक्टरांना सांगा. ते काही महिने अगोदर औषध बदलून देतात. गरोदरपणात चालणारी औषधंही आहेत. लाजून गप्प राहू नका. हा आजार असलेल्या कितीतरी जणी आई झाल्या आहेत.

घरच्यांसाठी दोन शब्द

संधिवात म्हटलं की पहिली कुऱ्हाड ताटावर येते. आंबट बंद, दही बंद, डाळी बंद. असं करून आधीच अशक्त बाई आणखी पांढरीफटक पडते. या आजाराला पथ्याने बरं करता येतं असा पुरावा नाही. साधं, चौरस जेवा. वजन आटोक्यात ठेवा. घरात कोणी विडी-सिगारेट ओढत असेल तर त्याला हेही सांगा की धूम्रपानाने हा आजार व्हायचा धोका वाढतो आणि औषधाचा गुणही कमी येतो.

हातांना व्यायाम द्या, पण सुजेच्या दिवसांत ओझं देऊ नका. हंडा दोन्ही हातांनी, अंगाजवळ धरून उचला. कपडे पिळायला, कणीक मळायला घरातल्या दुसऱ्या हातांनी पुढे यावं. सूज बाहेरून फारशी दिसत नाही, म्हणून ‘नाटक करते’ असं म्हणणारे घरोघरी भेटतात. त्या बोलण्याने बाई दुखणं लपवते, आणि लपवण्यात हातचे महिने निघून जातात.

खर्चाची काळजी असेल तर सरकारी रुग्णालयात दाखवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काही बसतं का, ते योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. तज्ज्ञांकडे जाताना जुने कागद, चालू गोळ्यांची पाकिटं आणि सुजलेल्या हाताचा सकाळी काढलेला फोटो न्या. दुपारी पोचेपर्यंत सूज ओसरलेली असते, तेव्हा फोटो कामी येतो.

या आठवड्यात बचत गटाची बैठक असेल तर हप्ते गोळा झाल्यावर पाच मिनिटं काढा आणि एकमेकींना विचारा, सकाळी मूठ मिटते का? जी मान खाली घालेल, तिला एकटीला पाठवू नका. सोबत जा.