लायसन्सच्या वाटेवर (भाग ३) : आधी आकार वाचा, मग चित्र

लर्निंग लायसन्सचा अर्ज कसा भरायचा आणि सोबत काय काय जोडायचं, ते गेल्या भागात पाहिलं. अर्ज मार्गी लागला की उरते ती संगणकावरची परीक्षा. २०२१पासून महाराष्ट्रात आधार क्रमांकाच्या आधारे ती घरी बसूनही देता येते. ज्यांना ते जमत नाही ते आरटीओत जाऊन देतात. प्रश्न थोडे, प्रत्येकाला वेळ मोजकाच आणि साठ टक्के उत्तरं बरोबर आली की पास. त्यामुळे बरीच मुलं प्रश्नसंचाची पीडीएफ मिळवतात, आदल्या रात्री डोळ्यांखालून घालतात आणि पासही होतात.

या पद्धतीला माझा विरोध आहे, आणि तो परीक्षेपुरता नाही. प्रश्नसंचातलं चिन्ह स्वच्छ, रंगीत, पांढऱ्या कागदावर छापलेलं असतं. रस्त्यावरचं चिन्ह धुळीने माखलेलं असतं, बाभळीच्या फांदीआड गेलेलं असतं, त्यावर कुणीतरी क्लासची जाहिरात चिकटवलेली असते. शिवाय ते वाचायला तुम्हाला दोन-तीन सेकंद मिळतात, तेही गाडी चालवता चालवता. पाठ केलेलं चित्र तिथे कामाला येत नाही. कामाला येतो आकार आणि रंग. म्हणून चिन्हांचा अभ्यास चित्रांपासून सुरू करूच नका.

आपल्याकडच्या चिन्हांचे तीन गट आहेत: हुकूम देणारी, सावध करणारी आणि माहिती देणारी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या पहिल्या अनुसूचीत ती दिली आहेत, आणि ती कशी बनवायची, कुठे लावायची याचे तपशील इंडियन रोड्स काँग्रेसच्या संहितेत आहेत. हुकूम गोलात असतो. सावधगिरीचा इशारा लाल काठाच्या त्रिकोणात. माहिती चौकोनात. एवढं पक्कं झालं की चित्र नीट दिसलं नाही तरी निम्मा अर्थ हाती लागतो: त्रिकोण दिसला, आत काय आहे ते कळलं नाही, तरी पाय ॲक्सिलरेटरवरून काढायचा एवढं नक्की.

गोलांमध्ये पुन्हा दोन जाती. लाल काठाचा गोल ‘हे करू नका’ किंवा ‘याच्या पुढे जाऊ नका’ असं सांगतो. निळा गोल ‘हे केलंच पाहिजे’ असं सांगतो. निळ्या गोलात डावीकडे वळणारा बाण असेल तर डावीकडे वळणं सक्तीचं. निळ्या गोलात हॉर्न असेल तर तिथे हॉर्न वाजवायचाच. घाटातल्या आंधळ्या वळणावर हे चिन्ह भेटतं. तोच हॉर्न लाल काठाच्या गोलात, वर तिरपी रेघ मारलेला असेल तर हॉर्न बंद. चित्र एकच, हुकूम नेमका उलटा. परीक्षेत मुलं इथेच अडखळतात, कारण त्यांनी हॉर्न लक्षात ठेवलेला असतो, गोलाचा रंग नाही.

लाल गोलात दरवेळी तिरपी रेघ असतेच असंही नाही. वेगमर्यादेच्या चिन्हात लाल काठ आणि आत फक्त ५० असा आकडा असतो. उंचीच्या किंवा रुंदीच्या मर्यादेचंही तसंच. आत काहीच नसलेला, नुसता लाल काठाचा पांढरा गोल म्हणजे दोन्ही दिशांनी वाहनांना बंदी. तेव्हा बंदी आहे की नाही ते काठावरून ठरवायचं, रेघेवरून नव्हे.

एक अपवाद मात्र नीट पाहून घ्या, कारण तो परीक्षेत हमखास येतो आणि शहरात रोज दिसतो. ‘पार्किंग नाही’ या चिन्हाची पार्श्वभूमी निळी असते, काठ लाल आणि त्यावर एक तिरपी रेघ. तशाच चिन्हावर दोन रेघांची फुली असेल तर त्याचा अर्थ ‘थांबणंही मना’. पहिल्या ठिकाणी प्रवाशाला उतरवण्यापुरती गाडी थांबवता येते, दुसऱ्या ठिकाणी तेवढंही नाही. रिक्षावाले, शाळेत मुलांना सोडणारे पालक, कुरिअरवाले या सगळ्यांनी हा एका रेघेचा फरक ओळखायला हवा.

दोन हुकूम असे आहेत की त्यांना मुद्दाम वेगळे आकार दिले आहेत. ‘थांबा’ हे अष्टकोनी लाल चिन्ह आणि ‘वाट द्या’ हा खाली टोक असलेला उलटा त्रिकोण. हे आकार दुसऱ्या कुठल्याच चिन्हाला नाहीत. रंग उडाला, अक्षरं पुसली, मागच्या बाजूने पाहिलं, तरी ते ओळखू येतात. दुसऱ्या रस्त्यावरून येणाऱ्या चालकालाही समोरच्या बाजूला ‘थांबा’ लावलेलं आहे हे पाठमोऱ्या पाटीवरून कळावं, हा त्यामागचा विचार आहे. ‘थांबा’ असेल तर रस्ता रिकामा दिसला तरी चाकं पूर्ण थांबली पाहिजेत. ‘वाट द्या’ असेल तर वेग कमी करून पाहायचं. कुणी येत नसेल तर न थांबता पुढे जाता येतं.

त्रिकोणांची यादी सर्वांत लांब आहे आणि खरं तर सर्वांत सोपी. बहुतेक चित्रं स्वतःच बोलतात: शाळा, गुरं, कोसळणारी दरड, घसरडा रस्ता. गोंधळ होतो तो ‘पुढे रस्ता अरुंद’ आणि ‘पुढे पूल अरुंद’ यांत, किंवा केसाच्या पिनेसारखं वळण आणि उलटसुलट वळण यांत. ही चिन्हं जोडीजोडीने शेजारी ठेवून पाहा, एकेकटी पाहू नका. आणखी एक गोष्ट प्रश्नसंच सांगत नाही. हुकमाचं चिन्ह सहसा जिथे हुकूम लागू होतो तिथेच असतं, तर सावधगिरीचं चिन्ह धोक्याच्या बरंच आधी लावलेलं असतं. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे २२ मीटर जाते. चिन्ह दिसणं, डोक्यात शिरणं आणि पाय ब्रेकवर जाणं एवढ्यात दोन सेकंद गेले तर ४४ मीटर रस्ता ब्रेक लागण्याआधीच संपलेला असतो. त्रिकोण आधी लावतात तो याचसाठी. तो पाहून ‘इथे तर काहीच नाही’ म्हणणारा चालक, मिळालेला वेळ फुकट घालवत असतो.

माहितीच्या चौकोनांवर फार वेळ घालवू नका. पेट्रोल पंप, रुग्णालय, उपाहारगृह ही चित्रं एकदा पाहिली की पुरे.

आता रस्त्यावरच्या रेषा. त्या चिन्हांइतक्याच कायदेशीर आहेत, पण आपण त्यांना नक्षी समजतो. मधली पांढरी रेषा तुटक असेल तर सुरक्षित असताना ती ओलांडून पुढच्या गाडीला मागे टाकता येतं. सलग असेल तर नाही. शेजारीशेजारी एक सलग आणि एक तुटक असेल तर तुमच्या बाजूची रेषा तुमच्यासाठी. घाटात चढताना ही जोडरेषा नीट पाहा: वळणाच्या अलीकडे तुमच्या बाजूला सलग, समोरच्याच्या बाजूला तुटक, कारण वळणापलीकडचं तुम्हाला दिसत नाही, त्याला मात्र पुढचा सरळ रस्ता दिसतो. ती रेषा आखणाऱ्याने तुमच्या डोळ्यांच्या उंचीवरून रस्ता पाहिलेला असतो.

सिग्नलबद्दल एक ठाम गैरसमज आहे, की लाल दिवा असताना डावीकडे वळायला मोकळीक असतेच. नसते. तशी पाटी किंवा डावीकडचा हिरवा बाण असेल तरच असते. एरवी डावीकडे जाणाऱ्यानेही थांबारेषेमागे थांबायचं. त्याच वेळी पादचारी झेब्रा पट्ट्यांवरून जात असतात आणि पाठीमागून हॉर्न वाजवून त्यांना पळवलं जातं. वयस्कर माणसांना त्या पट्ट्यांवर जीव मुठीत धरून धावताना पाहिलं की हा नियम परीक्षेत दरवेळी विचारावा असं मला वाटतं. लुकलुकणारे दिवेही पाठ करा: लुकलुकणारा लाल म्हणजे थांबून, पाहून मग जा; लुकलुकणारा पिवळा म्हणजे वेग कमी करून सावधपणे जा.

नियमांचा भाग आला की मुलं कंटाळतात, कारण यादी लांब. ती छोटी करायचा मार्ग असा: प्रत्येक नियमाला एकच प्रश्न विचारा, थांबायचं कुणी? सिग्नल नसलेल्या चौकात छोट्या रस्त्यावरून येणाऱ्याने मोठ्या रस्त्यावरच्याला वाट द्यायची. दोन्ही रस्ते सारखे असतील तर उजवीकडून येणाऱ्याला. गोल चौकात जो आधीपासून आत फिरतो आहे त्याला. आपण घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, म्हणजे तोही उजवीकडूनच येतो. अरुंद घाटरस्त्यावर उतरणाऱ्याने थांबायचं आणि चढणाऱ्याला जाऊ द्यायचं, कारण चढावर थांबलेली भरलेली गाडी पुन्हा उचलणं कठीण असतं. वरंध किंवा आंबेनळी घाटात समोरून एसटी चढत आली की हा नियम पुस्तकातून रस्त्यावर उतरतो. आणीबाणीच्या गाड्यांचाही क्रम ठरलेला आहे: आधी अग्निशमन दल, मग रुग्णवाहिका, त्यानंतर पोलीस.

यांतल्या एकाही नियमात मोठ्या गाडीला किंवा आधी हेडलाइट मारणाऱ्याला अग्रक्रम नाही. आपल्या रस्त्यांवर चालतं ते हेच, म्हणून परीक्षेत उत्तर देताना सवयीने चुकीचा पर्याय निवडला जातो.

ओव्हरटेक उजवीकडूनच. पुढचा चालक उजवीकडे वळण्याचा इशारा देऊन रस्त्याच्या मध्यावर आला असेल, तर डावीकडून जाता येतं. हाताचे इशारे जुने वाटले तरी विचारले जातात, आणि इंडिकेटर बिघडलेल्या दुचाकीवर तेच उपयोगी पडतात. उजवा हात सरळ बाहेर, तळवा समोर: उजवीकडे वळतो आहे. तसाच हात, तळवा खाली, वरखाली हलवला: वेग कमी करतो आहे. कोपरापासून हात उभा, तळवा उजवीकडे: थांबतो आहे. आरशासमोर उभं राहून करून पाहा, लगेच बसतात.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या अकराव्या नियमानुसार या परीक्षेत आणखी तीन विषय येतात, आणि प्रश्नसंच वाचणारे ते शेवटी ठेवतात. गाडीतली कागदपत्रं हा सोपा विषय: लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमधली प्रतही चालते.

दुसरा विषय बिनरखवालीच्या रेल्वे फाटकाचा. ब्रॉडगेज मार्गांवरची अशी फाटकं रेल्वेने २०१९च्या सुरुवातीपर्यंत संपवली, पण कायद्याचं कलम १३१ कायम आहे आणि प्रश्नही येतो. कलम सांगतं ते असं: गाडी फाटकाअलीकडे थांबवा. क्लीनर, कंडक्टर किंवा सोबतच्या माणसाने खाली उतरून रुळांपर्यंत चालत जायचं, दोन्ही बाजूंना पाहायचं आणि मग गाडीला पलीकडे न्यायचं. सोबत कुणी नसेल तर चालकाने स्वतः उतरून पाहायचं. काच खाली करून ऐकणं पुरेसं नाही.

तिसरा विषय अपघातानंतरच्या कर्तव्यांचा, कलम १३४. माझ्या मते सगळ्या परीक्षेत याहून महत्त्वाचं काही नाही. तुमच्या गाडीने कुणी जखमी झालं तर त्याला उपचार मिळतील यासाठी शक्य ते सगळं करायचं. जवळच्या डॉक्टरकडे किंवा रुग्णालयात न्यायचं. जमावाच्या रोषामुळे किंवा हाताबाहेरच्या कारणाने ते शक्य नसेल तर कायदा ते समजून घेतो. डॉक्टरनेही कागदोपत्री सोपस्कारांची वाट न पाहता उपचार सुरू करायचे. जागेवर पोलीस नसतील तर शक्य तितक्या लवकर, आणि कोणत्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत, जवळच्या ठाण्यात कळवायचं. विमा कंपनीलाही कळवायचं. दुसऱ्याच्या अपघातात मदतीला धावणाऱ्याला २०१९च्या दुरुस्तीने कलम १३४अ खाली संरक्षण दिलं आहे, त्यामुळे पोलिसांच्या फेऱ्यात अडकू या भीतीने गाडी पुढे नेण्याचं कारण उरलेलं नाही. हे कलम पर्यायांतून उत्तर शोधण्यासाठी वाचू नका. शांतपणे, दोनदा वाचा.

सराव कसा करायचा? परीक्षेच्या आधीचे आठ दिवस दुसऱ्याच्या गाडीत पुढच्या सीटवर किंवा एसटीत चालकाच्या मागच्या बाकावर बसा. दिसेल ते चिन्ह मनात वाचा: आधी आकार, मग रंग, मग चित्र, आणि शेवटी आता चालकाने काय करायला हवं. चालक ते करतो का, तेही पाहा. प्रश्नसंच त्यानंतर उघडा; तो एका बैठकीत संपेल.

लर्निंग लायसन्स हाती आलं की ते सहा महिने चालतं, आणि पक्क्या लायसन्सची चाचणी तीस दिवसांनंतर देता येते. त्या तीस दिवसांत गाडीला पुढेमागे पांढऱ्या पाटीवरचं लाल ‘एल’ लावून आणि शेजारी लायसन्सधारक शिकवणारा बसवून काय काय गिरवायचं, क्लच आणि चढावरची सुरुवात यांपासून, ते पुढच्या भागात.