पगार येतो, मग झोप का येत नाही?

जवाहरनगरच्या आसपासच्या एका वस्तीत, रविवारी वंदना आटोपल्यावर, आम्ही विहारातच रक्तदाब मोजण्याचे यंत्र मांडून बसलो होतो. तीस-पस्तीस जण आले. बहुतेक म्हातारी माणसे येतील असे वाटले होते, पण रांगेत पंचेचाळीस-पन्नाशीचे कामावर जाणारे पुरुषच जास्त निघाले, आणि त्यांना त्यांच्या बायकांनी हाताला धरून आणले होते. एका दादांचा दाब १५८/९६ निघाला. पाच मिनिटे शांत बसवून पुन्हा मोजला, तरी १५४ च्या खाली येईना. औषध चालू आहे का, असे विचारले तर नाही म्हणाले. काही त्रास? तोही नाही म्हणाले. मागून वहिनी बोलल्या, "त्रास नाही म्हणते अन् रातभर पंख्याकडे पाहत राह्यते."

मग दादा थोडे मोकळे झाले. "का सांगू जी, पगार तर टायमावर येते. घरात कोणाचं दुखणं नाही. पण डोक्यात एकच चालू राह्यते, आपल्या नोकरीचं पुढं का होईल."

हे वाक्य त्या दिवशी आम्ही वेगवेगळ्या तोंडून चार-पाच वेळा ऐकले. म्हणून या अंकाचे आरोग्य पान त्यावरच लिहीत आहोत.

ज्यांना पार्श्वभूमी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. भंडाऱ्याची आयुध निर्माणी १९६० च्या दशकात जवाहरनगरला उभी राहिली. तिथे दारूगोळ्यासाठी लागणारी स्फोटके आणि प्रणोदके तयार होतात. आपल्या वस्त्यांतल्या कित्येक घरांत पहिली पक्की नोकरी आली ती याच निर्माणीतून. केंद्र सरकारचा पगार, क्वार्टर, दवाखाना, निवृत्तिवेतन. 'आर्डनन्समध्ये लागला' म्हटले की सोयरीक जुळायला वेळ लागत नसे. देशात अशा ४१ निर्माण्या होत्या आणि सत्तर हजारांहून अधिक कामगार. १६ जून २०२१ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यांचे कंपन्यांत रूपांतर करण्याचा निर्णय घेतला. कामगार संघटनांनी बेमुदत संपाची तयारी केली, तर ३० जूनला संपावर बंदी आणणारा अध्यादेश निघाला. १ ऑक्टोबर २०२१ पासून ४१ निर्माण्यांच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. भंडारा 'म्युनिशन्स इंडिया लिमिटेड' या कंपनीत गेली.

कामगारांना तेव्हा सांगण्यात आले की तुम्ही केंद्र सरकारचेच कर्मचारी राहाल, सेवाशर्ती बदलणार नाहीत, फक्त कंपनीत प्रतिनियुक्तीवर आहात असे मानले जाईल. मुदत दोन वर्षांची. दोन वर्षे संपली तशी मुदतवाढ मिळाली, ती संपत आली तशी पुन्हा मिळाली. कागदावर कोणाचे काही गेले नाही, हे खरे आहे. पण मुदतीची तारीख जवळ आली की वस्तीत तोच प्रश्न उठतो: आता कंपनीत घेतील का? घेतले तर निवृत्तिवेतनाचे काय? नाही म्हटले तर कुठे पाठवतील? मोबाइलवर रोज एक नवे पत्र फिरते. त्यातले खरे किती, कोणालाच ठाऊक नसते.

तर मग काही गेलेले नसताना रक्तदाब का वाढावा? 'उगाच टेन्शन घेता' असे घरचे म्हणतात, मित्र म्हणतात, कधी कधी डॉक्टरही म्हणतात. आमचे म्हणणे आहे की हे उगाच नाही, आणि त्याला पुरावा आहे.

लंडनमध्ये १९८५ पासून तिथल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या तब्येतीचा एक मोठा अभ्यास सुरू झाला. 'व्हाइटहॉल' या नावाने तो जगभर ओळखला जातो. वीस खात्यांतल्या दहा हजारांवर कर्मचाऱ्यांची तपासणी झाली. पुढे योगायोग असा झाला की त्या वीसपैकी एक खाते, सरकारी इमारतींची देखभाल करणारे, खाजगी हातात देण्याचे ठरले. म्हणजे एकाच शहरातले, सारख्याच हुद्द्यांचे सरकारी नोकर, त्यातल्या एका खात्यावर टांगती तलवार आणि बाकीच्यांवर नाही. १९९५ मध्ये या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या खात्याची विक्री व्हायची होती तिथल्या लोकांची तब्येत, त्यांच्याच सांगण्यानुसार, इतरांच्या तुलनेत खालावली होती. आणि ती खालावली होती विक्रीपूर्वीच. कोणाची नोकरी अजून गेली नव्हती. नुसती वाट पाहण्याने हे झाले होते.

हे आम्ही विहारात सांगितले तेव्हा एक आजोबा म्हणाले, "म्हणजे सायबालेबी होते तं." होते, आजोबा. गेल्या वर्षी, १ ऑक्टोबर २०२५ ला, अमेरिकेत तर सरकारचाच खर्च मंजूर झाला नाही म्हणून केंद्र सरकारचे कामकाज बंद पडले. ते ४३ दिवस चालले. लाखो कर्मचारी बिनपगारी घरी बसले, आणि विमानतळावरचे, विमानांना रस्ता दाखवणारे असे लाखो जण बिनपगारी कामावर जात राहिले. मागचा पगार नंतर मिळतो असा तिथे २०१९ चा कायदा आहे. तरी मोफत धान्य वाटपाच्या रांगेत सरकारी नोकर उभे राहिले. कारण घरभाडे आणि कर्जाचा हप्ता 'नंतर' ऐकून घेत नाहीत.

शरीरात काय घडते तेही समजून घेऊ. समोर साप दिसला की छाती धडधडते, हातपाय ताठ होतात, रक्तात साखर सोडली जाते. पळायला बळ लागते, म्हणून ही सोय. साप गेला की पाच-दहा मिनिटांत सगळे जागेवर येते. पण जो साप दिसत नाही आणि जातही नाही, त्याचे काय? शरीर महिनोन् महिने सावध राहते. दाब थोडा चढाच राहतो. मधुमेह असेल तर गोळी तीच आणि खाणे तेच असूनही साखर वाढते. रात्री दोन-तीनला जाग येते. पोटात जळजळ. घरात लहान गोष्टीवरून भडका. आणि खर्ऱ्याची पुडी दोनाची चार होते.

खर्ऱ्याबद्दल इथेच बोलून घेतो, कारण भंडाऱ्यात त्याशिवाय तब्येतीची गोष्ट पूर्ण होत नाही. 'खर्रा खाल्ला की डोकं शांत होते' असे चौघांनी सांगितले. तंबाखूची तलफ भागली की बरे वाटते, पण ती अस्वस्थता तंबाखूनेच निर्माण केलेली असते. वर नाडी आणि दाब दोन्ही वाढतात, आणि तोंडाचा कर्करोग किती घरांनी पाहिला ते लिहायला नको. दारूचेही तसेच. पिऊन डोळा लागतो, पण झोप मध्यरात्री तुटते, आणि तुटलेल्या झोपेने सकाळच्या पाळीत जायचे असते ते स्फोटकांच्या कामावर.

२४ जानेवारी २०२५ ची सकाळ इथे कोणी विसरलेले नाही. निर्माणीत स्फोट झाला, इमारतीचे छत कोसळले, आठ जण गेले. त्याचे कारण आम्ही इथे झोपेशी जोडत नाही, तो आमचा अधिकार नाही. पण त्या दिवसापासून कित्येक घरांत दुहेरी घोर आहे. दिवसा नवरा सुखरूप परत येईल का याचा, आणि रात्री त्याची नोकरी टिकेल का याचा. म्हणून झोप झाली नसेल तर धोक्याच्या कामावर उभे राहण्यापूर्वी सुपरवायझरला तसे सांगा. त्यात कमीपणा नाही. सुटी शिल्लक असेल तर घ्या. कारखान्यातल्या कामगाराला भरपगारी सुटी देणारी कायद्यातली दुरुस्ती १९४५ ची, बाबासाहेब मजूर खाते सांभाळत होते तेव्हाची. ती हक्काची आहे.

एक सावधगिरीची गोष्ट आमच्या डॉक्टर मित्रांनी आवर्जून लिहायला सांगितली. नायट्रोग्लिसरीन हाताळणाऱ्या कामगारांना सुटीनंतर पहिल्या दिवशी जोराचे डोके दुखते, हे औद्योगिक वैद्यकात जुने ठाऊक आहे. या पदार्थाने रक्तवाहिन्या सैल होतात, शरीराला त्याची सवय होते, आणि दोन दिवस संपर्क तुटला की उलट परिणाम दिसतो. काहींना सुटीच्या दिवशीच छातीत दुखते. तेव्हा अशा विभागात काम करणाऱ्याने प्रत्येक डोकेदुखी 'टेन्शन' म्हणून सोडू नये. दवाखान्यात आपण कोणत्या विभागात काम करतो हे आधी सांगावे. छातीत दाब, डाव्या हातात कळ, घाम असे झाले तर उशीर न करता १०८ ला फोन करावा.

आता ज्यांच्याकडे पक्क्या नोकरीचे कवचही नाही त्यांच्याकडे वळू. नव्या भरतीत मुलांना ठरावीक मुदतीसाठी घेतले जाते, एक वर्षाचा करार आणि वाढवत वाढवत जास्तीत जास्त चार वर्षे. ठेकेदाराकडे काम करणाऱ्यांचा करार त्याहून कच्चा. आरोग्य खात्यातल्या कंत्राटी नर्सताई आणि मानधनाची वाट पाहणाऱ्या आशाताई याच वस्तीत राहतात. एका ताईने सांगितले, "दादा, मी दुसऱ्यायचा बीपी मोजतो, माहा कोण मोजल?" आम्ही लगेच मोजला. वाढलेला होता.

या सगळ्यांनी एक काम या आठवड्यातच करावे. महिना २१ हजारांपर्यंत वेतन असलेल्या आणि विमा लागू असलेल्या आस्थापनेतल्या कामगाराचा राज्य विमा, म्हणजे ईएसआय, कापला जातो. कामगाराचे पाऊण टक्का, मालकाचे सव्वातीन टक्के. पगारातून कपात होते, पण स्वतःचा विमा क्रमांक माहीत नाही असे तीन जण आम्हाला भेटले. तो क्रमांक मागून घ्या. घरच्यांची नावे त्यात चढली आहेत का पाहा. आजारपणात कामावर जाता आले नाही तर, अंशदान पुरेसे भरलेले असल्यास, वर्षात ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. ज्यांना ईएसआय नाही त्यांनी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे कार्ड काढून ठेवावे. आजार आल्यावर कागद शोधत फिरण्यापेक्षा आज शोधलेले बरे.

पैशाची चणचण येईल या भीतीने लोक सगळ्यात आधी काय बंद करतात? दाबाची गोळी. वहिनींच्या शेजारच्या एका काकांनी तेच केले होते, 'सध्या जपून खर्च' म्हणून. असे करू नका. रक्तदाब आणि मधुमेहाच्या नेहमीच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात, तिशीपुढच्यांची तपासणीही तिथे मोफत होते. जन औषधी दुकानात त्याच गोळ्या कमी किमतीत मिळतात. तपासणीआधी अर्धा तास चहा आणि खर्रा टाळा, पाच मिनिटे टेकून बसा, मग मोजा. १४०/९० किंवा वर आला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. पुन्हा तसाच आला तर डॉक्टरांना दाखवा.

झोपेसाठी आमचा एकच आग्रह आहे. रात्री नऊनंतर नोकरीच्या पत्रांचा ग्रुप बघू नका. जे पत्र खरे असेल ते सकाळीही खरेच राहील. पत्र आले तर युनियनच्या जबाबदार माणसाला विचारा, पुढे पाठवू नका. आणि नवरा-बायकोने एकदा दिवसाउजेडी बसून वहीत लिहावे: हप्ते किती, फायनान्सवाल्यांचे किती, बचत गटाचे किती, हाती काय राहते. अंधारात आकडा मोठा दिसतो. मुलांपासून लपवू नका, त्यांना तसेही कळते, फक्त चुकीचे कळते.

'मी नसतो तर बरं झालं असतं', 'माझ्या मागे विम्याचे तरी मिळेल' असे कोणी बोलू लागले तर हसण्यावारी नेऊ नका. त्याला सरळ विचारा, त्याला एकटे सोडू नका. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येते. जिल्हा सामान्य रुग्णालयात नेता येते. डोक्याचा डॉक्टर म्हणजे वेड्यांचा डॉक्टर हा समज आता तरी सोडू या.

पंधरा दिवसांनी आम्ही त्याच विहारात पुन्हा गेलो. दादा आले होते, १४२/९० होता. गोळी सुरू झाली होती, खर्रा चारावरून दोनावर. "पत्राचं का झालं?" आम्ही विचारले. "काहीच नाही आलं," ते म्हणाले आणि बाही खाली करत उठले, कारण मागे अजून नऊ-दहा जण रांगेत उभे होते.