जुन्या मोटारसायकलीची खरेदी व नावाची नोंद

शेतकऱ्याच्या दारात पूर्वी जे स्थान बैलगाडीचे होते, ते आता पुष्कळ अंशी मोटारसायकलीने घेतले आहे. डेअरीवर दूध पोचविणे, विहिरीवरील मोटार सुरू करण्यास जाणे, औषधाचा डबा किंवा खताचे पोते आणणे, मुलास तालुक्याच्या शाळेत सोडणे, ही सर्व कामे तिच्यावरच चालतात. नवी गाडी घेणे प्रत्येकास परवडतेच असे नाही; यास्तव जुनी गाडी एखाद्या खाजगी इसमाकडून विकत घेण्याचा प्रघात खेडोपाडी पडला आहे. त्यात गैर असे काहीच नाही. निगा राखलेली जुनी गाडी पुष्कळ वर्षे इमानाने काम देते. परंतु हा व्यवहार ज्या रीतीने उरकला जातो ती रीत धोक्याची असल्यामुळे तिजविषयी चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

आपण बैल घेतो तेव्हा त्याचे दात पाहतो, खूर पाहतो, औताला जुंपून त्याची चाल पाहतो. जमीन घेतो तेव्हा सात-बाराचा उतारा काढतो, इतर हक्कांत कोणाचा बोजा आहे किंवा कसे ते तपासतो, खरेदीखत नोंदवितो व फेरफार मंजूर होईपर्यंत स्वस्थ बसत नाही. मोटारसायकल ही बैलासारखी अंगाने पाहावयाची व जमिनीसारखी दप्तराने पाहावयाची वस्तू आहे. आमचे कित्येक बंधू अंग पाहून, चावी घेऊन व पैसे मोजून घरी येतात आणि दप्तराची गोष्ट सवडीवर टाकतात. ती सवड पुढे वर्षानुवर्षे होत नाही. आमचे सांगणे असे की, दप्तर आधी पाहावे, अंग नंतर.

दप्तराची तपासणी

गाडीचा सात-बारा म्हणजे तिचे नोंदणी प्रमाणपत्र, ज्यास लोक आर.सी. म्हणतात. ते मूळ मागावे. मोबाइलवरील छायाचित्रावर विसंबू नये. त्यावरील नाव व समोर बसलेल्या विकणाराचे नाव एकच आहे की नाही, हे त्याच्या आधार कार्डावरून ताडून पाहावे. "गाडी भावाची आहे, तो पुण्यास असतो," असे उत्तर आल्यास भाऊ येईपर्यंत थांबावे. नाव मयत वडिलांचे असेल तर प्रथम वारसाने नमुना ३१ भरून गाडी आपल्या नावे करून घ्यावी, व मगच विकावी. वारसनोंद झाल्याशिवाय कोणी शहाणा मनुष्य जमीन घेत नाही. येथेही नियम तोच.

त्यानंतर आर.सी.वरील चासी नंबर व इंजिन नंबर गाडीवर कोरलेल्या आकड्यांशी अक्षर न् अक्षर जुळवावा. चासी नंबर बहुतेक गाड्यांत हँडलाखालील सांगाड्याच्या मानेवर असतो व इंजिन नंबर इंजिनाच्या खालच्या भागावर. चिखल पुसून उजेडात पाहावा. तेथे कानशीने घासल्याची, पुन्हा ठोकल्याची किंवा ताज्या रंगाची खूण दिसली तर किंमत कितीही कमी असो, तेथून उठावे. विकणारास जो हक्क नाही तो घेणारास सामान्यतः मिळत नाही, हे तत्त्व १९३० सालच्या माल विक्रीच्या कायद्यात नमूद आहे. चोरीची गाडी पोलीस घेऊन जातात, दिलेले पैसे बुडतात, आणि चोरीचा माल जाणूनबुजून घेतल्याचा आरोप आल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली जाबही द्यावा लागतो.

आर.सी.वर एखाद्या बँकेचे, पतसंस्थेचे किंवा फायनान्स कंपनीचे नाव असेल तर तो गाडीवरील बोजा समजावा. "कर्ज केव्हाच फिटले," एवढे तोंडी सांगणे पुरेसे नाही. कर्ज देणाराने सही केलेला नमुना ३५ व बेबाकीचा दाखला हाती आल्यावर बोजा कमी करून घेता येतो. तोपर्यंत गाडी मोकळी नाही.

आणखी चार गोष्टी पाहावयाच्या. नोंदणीची मुदत साधारणतः पंधरा वर्षांची असते. ती संपत आली असल्यास नूतनीकरणाचा खर्च व तपासणी आपल्याच माथी येणार, हे किमतीत धरावे. विमा चालू आहे का, व प्रदूषणाचा दाखला आहे का, ते पाहावे. वाहतूक पोलिसांच्या ई-चलानाची बाकी गाडीच्या नंबरावरून संकेतस्थळावर कळते. ती विकणाराने आधी भरावी. केंद्र सरकारच्या परिवहन संकेतस्थळावर वा एम-परिवहन ॲपवर नंबर घातला असता नोंदणीची व विम्याची मुदतही दिसते; घरातील शिकणारी मुले हे काम पाच मिनिटांत करून देतात. गाडी दुसऱ्या राज्यात नोंदलेली असेल तर तेथील कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २८, मिळाल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

अंगाची तपासणी

गाडी पाहण्यास दिवसाउजेडी व शक्य तर सकाळी जावे, बरोबर ओळखीचा मिस्त्री न्यावा, व आपण येण्यापूर्वी गाडी सुरू करू नये असे विकणारास अगोदर सांगून ठेवावे. पोचताच इंजिनाजवळ हात धरून पाहावा. ते गरम लागले तर सकाळी सुरू न होण्याचा दोष झाकण्यासाठी तापविले असावे, असा संशय घेण्यास जागा आहे. थंड इंजिन थोडक्या प्रयत्नांत सुरू होऊन एकसारखे चालत राहिले पाहिजे. सायलेन्सरातून निळसर धूर येत असेल तर इंजिन ऑइल जाळीत आहे. पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हची सीले झिजली आहेत असे समजावे, आणि हा खर्च मोठा असतो. काळा धूर पेट्रोल अधिक जात असल्याचे लक्षण आहे. तो दोष पुष्कळदा थोडक्यात सुधारतो. थंडीच्या सकाळी आरंभी निघणारी पांढरी वाफ लवकरच नाहीशी झाली तर तिची चिंता नको. अलीकडच्या, विशेषतः २०२० सालानंतरच्या, गाड्यांत मीटरवर इंजिनाचा छोटा दिवा असतो. चावी फिरविताच तो लागावा व इंजिन सुरू झाल्यावर विझावा. तो मुळीच लागत नसेल तर कोणी मुद्दाम बंद केला आहे काय, हे मिस्त्र्याकडून पाहून घ्यावे.

खेड्यातील गाडीने कोणते ओझे वाहिले आहे याचा विचार अवश्य करावा. दोन्ही बाजूंस दुधाच्या कॅन टांगून किंवा वैरणीचे भारे लादून वर्षानुवर्षे चाललेल्या गाडीचे मागील शॉकअप बसतात, आऱ्या ढिल्या होतात व कॅरिअरच्या जोडाजवळ सांगाड्यास चिरा पडतात. सांगाड्यावर वेल्डिंगची खूण दिसल्यास कारण विचारावे. गाडी मधल्या स्टँडवर उभी करून पुढचे चाक उचलावे व हँडल सावकाश दोन्हीकडे वळवावे. मध्यावर अडकल्यासारखे वाटले तर कोनसेट गेला आहे. मागील चाक आडवे हलवून पाहावे. खडखड लागता कामा नये. चेनच्या चाकीचे दात विळ्याच्या टोकाप्रमाणे वाकले असतील तर संपूर्ण चेनसेट बदलावा लागेल. टायरवर चार आकडे एकत्र कोरलेले असतात. पहिले दोन आठवडा व शेवटचे दोन वर्ष दाखवितात. ३२१९ म्हणजे २०१९ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात तयार झालेला टायर. नक्षी शाबूत असली तरी जुने रबर कडक होते व ओल्या रस्त्यावर घसरते.

मीटरवरील किलोमीटरच्या आकड्यावर फार विश्वास ठेवू नये. तो थांबविता येतो व मागेही फिरविता येतो. ब्रेकच्या पायट्याचे, किकचे व पाय ठेवण्याचे रबर किती झिजले आहे, यावरून खरे वय कळते. पायट्याचे रबर गुळगुळीत व मीटर दहा हजारांवर, हा मेळ बसणारा नाही.

पुरात बुडालेली गाडी ओळखणे विशेष महत्त्वाचे आहे. २०१९ साली कोल्हापूर-सांगलीकडे व २०२१ साली चिपळूणकडे जो महापूर आला, त्यात अगणित वाहने पाण्याखाली गेली. अशी गाडी धुऊन-पुसून नवीसारखी दिसते, पण हेडलाइटच्या काचेच्या आत गाळाची रेघ, सीटखालील बोल्टांवर गंज व वायरच्या जोडांत वाळलेली माती राहून जाते. ऑइल दुधट दिसले तर त्यात पाणी शिरले आहे, असे समजावे.

पैशांचा व्यवहार

मोबाइलवरील जाहिरातीत किंमत बाजाराहून फारच कमी असते, विकणारा आपण सैन्यात असून बदली झाल्याचे सांगतो, आणि गाडी पाहण्यापूर्वीच वाहतुकीसाठी म्हणून पैसे मागतो. ही फसवणुकीची ठरलेली तऱ्हा आहे. गाडी व माणूस डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फिर्याद द्यावी. व्यवहार ठरल्यावर इसार अल्प द्यावा व त्याची पावती घ्यावी. बाकी रक्कम शक्यतो बँकेमार्फत विकणाराच्याच खात्यात भरावी, म्हणजे पुरावा राहतो. काही रक्कम नाव बदलेपर्यंत राखून ठेवण्याचे दोघांच्या संमतीने लिहून घेतल्यास दोघांसही घाई राहते.

नावाची नोंद व तिचे महत्त्व

१९८८ सालच्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० अन्वये, गाडी त्याच राज्यात विकली असता विकणाराने चौदा दिवसांत व घेणाराने तीस दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावे लागते. विकणाराचा नमुना २९ व हस्तांतरणाचा अर्ज नमुना ३०. यांजवर विकणाराच्या सह्या पैसे देतानाच घ्याव्या. मात्र घेणाराचे नाव व तारीख भरलेली असावी. कोऱ्या नमुन्यांवर सह्या करून देणे हे कोऱ्या स्टँपपेपरावर सही करण्यासारखेच आहे. असे कोरे नमुने गाडीबरोबर तीन-चार हातांतून फिरतात, व खरा मालक कोण हे कोणासही सांगता येत नाही. अर्जाच्या कामी येणारा ओटीपी गाडीस जोडलेल्या मोबाइलवर जातो. सबब तो क्रमांक विकणाराचा व चालू आहे ना, हे आधीच पाहावे. नोटरीकडे केलेला करारनामा जवळ ठेवावा, त्यात ताबा दिल्याची तारीख व वेळ लिहावी. परंतु साठेखताने जसा सात-बारा बदलत नाही, तशी या कागदाने आर.सी. बदलत नाही.

येथे कोणी म्हणेल, "गाडी माझ्या दारात आहे, नाव कोणाचे का असेना." याचे उत्तर जरा विस्ताराने देणे भाग आहे.

समजा, एका शेतकऱ्याने आपली गाडी वीस हजारांस विकली व नाव बदलले नाही. घेणाराने विमा संपू दिला, आणि त्या गाडीखाली एक वाटसरू दगावला. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट सांगितले आहे की, गाडी पुढे कितीही जणांस विकली गेली असली तरी परिवहन दप्तरी ज्याचे नाव आहे तोच भरपाईच्या कामी मालक होय. म्हणजे लाखोंची भरपाई त्या मूळ शेतकऱ्यावर बसू शकते. ती वसूल कशी होते, हेही ऐकावे. त्याच कायद्याच्या कलम १७४ प्रमाणे न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे दाखला पाठविते, व रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल केली जाते. महसूल खात्यात ज्यांचे आयुष्य गेले त्या आमच्यासारख्यांस या शब्दांचा अर्थ समजावून द्यावा लागत नाही. नोटीस, जप्ती व शेवटी लिलाव, अशी ती वाट आहे. वीस हजारांच्या लोखंडापायी वडिलार्जित जमिनीवर टाच येण्याचा मार्ग असा कायद्याने खुला आहे.

घेणाराची बाजूही तितकीच नाजूक आहे. मालक-चालकाचा सक्तीचा अपघात विमा २०१८ सालापासून १५ लाख रुपयांचा आहे. पण तो ज्याच्या नावे गाडी व विमा आहे आणि ज्याजवळ परवाना आहे, त्याच्यासाठी. दुसऱ्याच्या नावाची गाडी चालविताना घरचा कर्ता पुरुष गेला, तर त्याच्या विधवेस या विम्याची आशा धरता येत नाही. म्हणून विम्यावरील नाव बदलण्याचा अर्जही चौदा दिवसांच्या आत विमा कंपनीकडे द्यावा. त्रयस्थाच्या नुकसानीचा विमा कायद्याने गाडीबरोबर जातो, परंतु आपल्या स्वतःच्या संरक्षणासाठी नाव बदलणे अवश्य आहे.

तेव्हा विकणारांनी व घेणारांनी, दोघांनीही, व्यवहाराच्या दिवशीच एकत्र बसून अर्ज करावा, व नवी आर.सी. हाती येईपर्यंत पाठपुरावा सोडू नये. ज्या बांधवांनी मागे गाडी विकली आहे, त्यांनी आजच तिचा नंबर घालून ती अद्याप आपल्या नावावर तर नाही ना, याची परिवहन कार्यालयात चौकशी करावी. नाव तसेच असल्यास घेणारास गाठून हस्तांतरण पुरे करून घ्यावे, व विक्रीची लेखी खबर कार्यालयास देऊन तिची पोच जपून ठेवावी. पोच सात-बाराच्या उताऱ्याशेजारी ठेवावी. कारण ती त्याच उताऱ्याचे रक्षण करण्यासाठी आहे.