अंतर मोठं, वेळ कमी
हवेतलं गणित : लेखांक ४

पृथ्वीच्या गोलावर दोन विमानतळांमधलं सर्वांत कमी अंतर कसं काढतात, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. त्या अंतराला विमानाच्या वेगानं भागलं की प्रवासाचा वेळ हाती येईल, असं वाटणं साहजिक आहे. पण ज्या हवेतून विमान जातं ती हवाच वाहती असते. एअर इंडियाची दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को सेवा डिसेंबर २०१५मध्ये सुरू झाली, ती अटलांटिकवरून. हा मार्ग सुमारे १३,९०० किलोमीटरचा. ऑक्टोबर २०१६मध्ये कंपनीनं विमान उलट दिशेनं, पॅसिफिकवरून नेलं. मार्ग सुमारे १५,३०० किलोमीटरचा झाला, म्हणजे चौदाशे किलोमीटर जास्त. तरीही विमान साडेचौदा तासांत पोचलं, आधीपेक्षा लवकर. भागाकार करून पाहा, सरासरी ताशी हजारावर जाते, आणि अशा विमानाचा हवेतला नेहमीचा वेग ताशी नऊशेच्या आसपास असतो. वरचा वेग वाऱ्यानं दिला. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम वाहतात, कधी ताशी दोनशे किलोमीटरहूनही वेगानं. मुंबईहून लंडनला जायला येण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, तो याच वाऱ्यामुळे.

इथे एक शंका हमखास येते. पृथ्वी पूर्वेकडे फिरते, मग पश्चिमेला निघालेल्या विमानाकडे लंडन आपणहून सरकत यायला नको का? नाही. पृथ्वीबरोबर वातावरणही फिरतं आणि विमान त्या वातावरणातच असतं. मात्र जेट स्ट्रीमला पूर्वेची दिशा मिळते ती पृथ्वीच्या फिरण्यामुळेच, त्यामुळे शंका अगदीच वाया जात नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे : जवळच्या प्रवासात तरी अंतरच वेळ ठरवत असेल ना? मुंबई–दिल्ली हवाई अंतर सुमारे १,१४० किलोमीटर. भागाकारानं दीड तासही होत नाही, आणि वेळापत्रकात वेळ सव्वादोन तासांच्या आसपास असतो. कारण तिथला वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसरीकडे जागेवर उभं राहीपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंतची चाल, रांग, चढण, उतरण्यापूर्वीच्या घिरट्या, सगळं त्यात येतं. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी मोकळेपणानं वापरता येत नाहीत. रांग लांबते ती इथे. वेळेवर पोचल्याचं दाखवण्यासाठी कंपन्या थोडा वेळ वाढवून धरतात, हेही खरंच. पण गर्दीच्या तासाला तो वाढवलेला वेळ बहुधा खर्चीच पडतो.

एप्रिल २०२५मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा दिल्ली–लंडन अंतर एका किलोमीटरनंही बदललं नाही. प्रवास मात्र लांबला. तेव्हा पुढचं विमान गाठायचं असेल, तर किलोमीटर मोजत बसू नका. त्या तारखेचं वेळापत्रक पाहा आणि हाताशी दोन तास जास्त ठेवा.