इंटरनेटवरील स्पष्ट संभाषणासाठी राऊटरची निवड

व्यापाऱ्याशी इंटरनेटवरून बोलताना आवाज तुटल्यास भावाचा आकडा चुकीचा ऐकू येऊन नुकसान होऊ शकते. यावर केवळ जादा वेगाचा राऊटर घेणे हा उपाय नव्हे. एका संभाषणास सेकंदाला सुमारे १०० किलोबिट वेग पुरतो. मात्र तो एकसारखा मिळावा लागतो. घरात इतर कोणी चित्रफीत पाहत असतानाही आवाजास अग्रक्रम देणारी ‘क्यूओएस’ सोय असलेला आणि २.४ व ५ गिगाहर्ट्झ असे दोन्ही पट्टे असलेला राऊटर निवडावा. जवळ ५, तर भिंतीपलीकडे २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरावा. राऊटर पत्रा व लोखंडी कपाटापासून दूर, उंचावर ठेवावा. राऊटरजवळ बसूनही आवाज तुटत असल्यास दोष मूळ जोडणीत असू शकतो; खरेदीपूर्वी शेतकरी बंधूंनी ती तपासून घ्यावी.