विजेचे ट्रक आणि बोरघाटाचा हिशेब

भारतातील एकूण वाहनांत डिझेल ट्रक जेमतेम ३ टक्के आहेत. पण केंद्र सरकारच्या अंदाजानुसार वाहतुकीतून होणाऱ्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात त्यांचा वाटा ४२ टक्के आहे. म्हणूनच 'पीएम ई-ड्राइव्ह' योजनेत जुलै २०२५मध्ये विजेवरील ट्रकांसाठी प्रथमच अनुदान जाहीर झाले. सुमारे ५,६०० ट्रकांना, प्रत्येकी कमाल ९.६ लाख रुपये. अट अशी, की जुना डिझेल ट्रक भंगारात काढल्याचे प्रमाणपत्र जोडायचे.

या ट्रकांचे बळ काटकसरीत आहे. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे १० युनिट ऊर्जा असते. इंजिन त्यातली साधारण ४० टक्के वापरात आणते, उरलेली उष्णता होऊन वाया जाते. बॅटरी आणि मोटर मिळून ८५ टक्क्यांच्या आसपास ऊर्जा चाकांपर्यंत पोहोचवतात. भरलेला ५५ टनी ट्रेलर लिटरमागे तीन किलोमीटर जातो असे धरले, तर ९० रुपये दराच्या डिझेलवर किलोमीटरला ३० रुपये पडतात. विजेवर तेवढ्याच अंतराला दीड युनिट लागते. दहा रुपये दराने खर्च १५ रुपये.

अडचण खरेदीची आहे. जीएसटी डिझेल ट्रकवर १८ टक्के, विजेच्या ट्रकवर ५ टक्के. तरीही विजेचा ट्रक दोन ते तीन पट महाग पडतो. ही तफावत फक्त धावण्यातून भरून निघते. वरच्या हिशेबाने वर्षाला ८० हजार किलोमीटर धावणारा ट्रक १२ लाख रुपये वाचवतो, ३० हजार धावणारा साडेचार लाख. भाडे मिळेपर्यंत अड्ड्यावर उभा राहणारा ट्रक असेल, तर दोन-चार गाड्यांच्या मालकाला त्याचे हप्ते झेपणार नाहीत.

दुसरी मर्यादा वजनाची. २८२ युनिटची बॅटरी सुमारे दोन टनांची असते. मालासह एकूण वजनाला ५५ टनांची कायदेशीर मर्यादा असल्याने बॅटरी वाढवली की माल घटतो. युरोपीय संघाने अशा ट्रकांना दोन टनांपर्यंत जादा वजनाची मुभा दिली आहे.

न्हावाशेवा बंदर ते चाकण या सुमारे १२० किलोमीटरच्या मार्गावर हे सगळे हिशेब एकत्र येतात. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत बोरघाट साधारण ५५० मीटर चढतो. ५५ टन वजन तेवढे वर न्यायला ८२ युनिट लागतात. मोटरमधील घट धरून बॅटरीतून ९५. म्हणजे २८२ युनिटमधला तिसरा हिस्सा एकट्या घाटाच्या चढणीत संपतो. उरलेल्या वाटेला आणखी दीडशेच्या आसपास लागतात. फेरी पुरी होते, पण चाकणला पुन्हा ऊर्जा भरल्याशिवाय परतता येत नाही.

उतारावर मात्र मोटरच जनित्र होते आणि वेग रोखताना वीज बॅटरीत परत पाठवते. ब्रेक कमी तापतात. घाटात ब्रेक निकामी होण्याचा धोका पाहता हा लाभ मोठा आहे. पूर्ण भरलेल्या बॅटरीत मात्र ही वीज मावत नाही, म्हणून माथ्यावर पोहोचताना तिच्यात जागा ठेवावी लागते.

२८२ युनिटची बॅटरी २४० किलोवॅटच्या चार्जरवर भरायला तासाहून अधिक वेळ जातो. रिकामी उतरवून भरलेली बसवायला काही मिनिटे. चीनमध्ये बॅटरी-बदल केंद्रांमुळे खाणी, बंदरे आणि पोलाद कारखान्यांतील ठरावीक फेऱ्यांसाठी हे ट्रक झपाट्याने वाढले. बॅटरी भाड्याने घेता आली, तर खरेदीची रक्कमही उतरते. न्हावाशेव्याच्याच जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाने सप्टेंबर २०२५मध्ये बदलत्या बॅटरीचे ५० अवजड ट्रक दाखल केले, त्यामागे हेच गणित आहे.

पर्यावरणाचा लाभ दोन टप्प्यांत मिळतो. बंदरालगतच्या वस्त्यांतील धूर आणि आवाज लगेच घटतो. कार्बनचे तसे नाही. भारतात युनिटमागे सरासरी ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे विजेच्या ट्रकमागे किलोमीटरला सुमारे एक किलो. डिझेलचे शुद्धीकरण आणि वाहतूक धरता डिझेल ट्रकचा आकडाही तेवढाच येतो. कोळशाची जागा सौर आणि पवन ऊर्जा घेईल तसा कार्बनचा लाभ मिळू लागेल. कारखान्याच्या छपरावरील सौर विजेवर तो आजच मिळू शकतो.

त्यामुळे या ट्रकांचा क्रम मार्गावरून ठरतो. आधी बंदरे, खाणी, सिमेंट आणि पोलाद कारखाने, जिथे अंतर ठरलेले आणि फेऱ्या रोजच्या. मुंबई–दिल्लीसारखी सुमारे १,४०० किलोमीटरची वाहतूक त्यानंतर. त्यासाठी महामार्गावर ठरावीक टप्प्यांवर उच्च क्षमतेची चार्जिंग वा बॅटरी-बदल केंद्रे आधी उभी राहावी लागतील.